प्रमिलाची राहिलेली भवानी

प्रमिला गेली त्या सकाळी साडेसात वाजता मी मुलुंडला माझ्या गॅलरीत चहा पीत तिचाच ब्लॉग वाचत बसले होते. ओल्या बोंबलाचं कालवण. वाचायची खरं तर गरज नव्हती. ते मला पाठ आहे, आणि तसं मी करतही नाही, कारण आम्ही मालवणकडचे, आम्हाला नारळाशिवायचं कालवण म्हणजे आजाऱ्याला द्यायचं पाणी वाटतं. पण ती अंथरुणाला खिळल्यापासून रोज सकाळी तिचं एक पान उघडायचं, अशी सवय लागून गेली होती. ‘तेल तापलं की लसूण ठेचून टाका, चिरून नको, चिरलेला लसूण शोभेचा असतो’ या वाक्यापर्यंत आले आणि फोन वाजला. तिची सून स्वाती. “मावशी...” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “कळलं गं.” फोन बंद केला तर पान तिथेच होतं. बाई गेली होती आणि बाईचं तेल तापलेलंच होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. ओळखीतले म्हणतात, दुःख हळूहळू हलकं होईल. दुःखाचं मला माहीत नाही, राग मात्र काही हलका होत नाही. या पुरवणीच्या बाईंनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, “आजी, मैत्रिणीबद्दल चार शांत शब्द लिहा.” मी म्हटलं, शांत शब्द हवे असतील तर पुण्याहून मागवा, माझ्याकडे आहेत ते असे आहेत. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

आम्ही भेटलो त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात टायपिंग पूल नावाची एक लांबट खोली होती. दोन रांगांत टाइपरायटर, त्यांच्यामागे आम्ही मुली, आणि खडखडाट इतका की घरी गेल्यावरही बोटं पोळपाटाच्या कडेवर चालायची. साहेब मजकूर पाठवायचे, आम्ही बडवायचो. प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ आणि मग बारीक अक्षरांत टाइप करणारीची. प्रमिला वैती म्हणजे प्र.वै. नलिनी सामंत म्हणजे न.सा. हा मान नव्हता. चूक झाली तर कोणाला बोलावून झापायचं ते कळावं, म्हणून ती सोय होती. झाडूच्या ऑर्डरचं पत्र असलं तरी खाली दोन अक्षरं असायचीच. माणसाने लिहिलेल्या कागदाला कुठेतरी माणूस सापडला पाहिजे, असा त्या काळाचा साधा समज होता.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. वय एकवीस, टाचेच्या चपला, केसांचा एवढा मोठा अंबाडा की त्यात चिमणीने संसार थाटला असता. आपण लवकरच मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसणार, याची मला खात्री होती. मोठ्या साहेबांना माझं नावही ठाऊक नव्हतं. एकदा मी त्यांच्या मजकुरातलं एक वाक्य परस्पर सुधारलं. त्यांनी न.सा. कोण ते शोधून मला बोलावलं आणि ते वाक्य माझ्याकडून वीस वेळा टाइप करून घेतलं. बाहेर आले तर सगळ्या मुली खाली माना घालून बसलेल्या. एकटी प्रमिला म्हणाली, “वाक्य तुझंच बरं होतं गो.” तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलेलं असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

बोलायचं नाही असं का ठरवलं होतं, तेही सांगते. लाज वाटते, पण सांगते. प्रमिला वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या गल्ल्यांतून मासळी विकायची. प्रमिलाच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची आणि तिने झाकण उघडलं की आजूबाजूच्या दोघीतिघी नाकाला पदर लावून उठायच्या. त्यांच्याबरोबर मीही उठायचे. मी! जिच्या घरात आठवड्यातून पाच दिवस मासे, आणि उरलेले दोन दिवस माशांच्या आठवणी. आपण सुधारलेले दिसावं म्हणून मी मुद्दाम डब्यात बटाट्याची भाजी न्यायचे. महिनाभर तिने हे पाहिलं आणि मग एके दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, “काय गो सामंतीण, तुझ्या घरी काय गुलाबाच्या फुलांचं कालवण करतात?” खोली हसली. मी इतकी चिडले की टाचेच्या चपलेवरून घसरून तिच्याच शेजारच्या बाकावर बसले. तिने न विचारता माझ्या पोळीवर चटणी ठेवली. मी ती खाल्ली. एवढीच आमच्या मैत्रीची सुरुवात.

मग पन्नास वर्षं भांडणं. ती बोंबलात नारळ घालणाऱ्यांना मूर्ख म्हणायची, बांगड्यात तिरफळ न टाकणारे मला अडाणी वाटायचे. तिचं लग्न होऊन ती घाटकोपरला आली, मी मुलुंडला, आडनावं मात्र दोघींनी माहेरचीच ठेवली, आणि दोघींनी एकमेकींच्या मुलांना आपापल्या पद्धतीचे मासे खायला घालून शत्रूच्या घरात माणसं फोडण्याचा उद्योग केला. पण कधीकधी, मोठा मासा साफ करताना, ती वेगळंच बोलायची. एकदा म्हणाली, “आमच्या घरातल्या सगळ्या बाया मासळीवर जगल्या. आजी, आई, दोन्ही बहिणी. एक मीच कागदावर जगले... तोही दुसऱ्याच्या.” आई रोज पहाटे पाटी भरायची आणि पहिल्या गिऱ्हाइकाची नोट पाटीला लावून मग कपाळाला लावायची, ते ती मला कितीदा सांगे. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी. ती कोणाच्या हातून होते यावर पुढचा दिवस ठरतो, असा आईचा विश्वास. नवी पाटी, नवी जागा असली की नात्यातलंच कोणीतरी, चांगल्या हाताचं, मुद्दाम जाऊन भवानी करायचं. मासळी नको असली तरी घ्यायची. ते प्रेम असतं, तिथे गरज कोणी विचारत नाही.

निवृत्त झाल्यावर तिने ब्लॉग काढला. मी हसले. मी म्हटलं, “जन्मभर बडवलंस, बोटांना जरा विश्रांती दे ना.” ती म्हणाली, “जन्मभर साहेबांचं बडवलं. आता आईचं बडवते.” नाव ठेवलं ‘आईची पाटी’. मासा ताजा कसा ओळखायचा, कोणत्या महिन्यात कोणता खायचा, कोणता अंड्यावर असतो म्हणून त्याला हात लावायचा नाही, कालवं काढायला खडकावर जाताना भरती कशी ओळखायची. ‘कल्ले लाल आहेत एवढ्यावर भुलू नका, लाल रंग बाजारात मिळतो. बोटाने दाबा. खड्डा पडला आणि तसाच राहिला तर पुढे चला.’ असं लिहायची. शोभेचा एक शब्द नाही. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत... प्र.वै. स्वाती म्हणाली, “आई, पूर्ण नाव टाका की, आता कोण झापणार आहे?” पण तिला तसंच आवडायचं. फक्त आता तिरक्या रेघेच्या अलीकडे कोणी साहेब नव्हता.

जाहिरातींचं खूळ स्वातीनेच आणलं. लोक वाचतात, दूरदेशीच्या मराठी बायका प्रश्न विचारतात, तर पानावर जाहिराती घ्या, चार पैसे येतील. प्रमिलाने अर्ज केला तर आधी उत्तर आलं, मराठी पानांना आम्ही जाहिराती देत नाही. कंपनी केवढी, जगभर पसरलेली, आणि आमची भाषा तिच्या यादीत नाही! मी केवढी भडकले होते. पुढे काही वर्षांनी यादीत मराठी आली आणि प्रमिलाचा अर्ज मंजूर झाला. जाहिराती सुरू झाल्या, आणि आमची करमणूकही. कोणती जाहिरात कुठे दिसणार हे यंत्र ठरवायचं. पापलेटच्या शेजारी गुडघ्याचं तेल, सुकटीच्या बाजूला लग्नाळू मुलं, खेकड्यांच्या लेखाखाली कल्याणपलीकडे तलावासमोर फ्लॅट. “खेकड्यांना घर हवंय वाटतं,” ती म्हणाली.

पण तिचे नियम कडक होते. वशीकरणवाले बाबा आणि आठवड्यात वजन उतरवणारे तिने हुडकून हुडकून बंद केले. आईने पाटीत शिळी मासळी कधी ठेवली नाही, मीही ठेवणार नाही, असं म्हणायची. आणि कृतीच्या मधोमध जाहिरात घ्यायची नाही. कंपनी सारखी सुचवायची, इथे मध्ये एक टाका, तिथे मध्ये एक टाका, उत्पन्न वाढेल. प्रमिला फोनलाच ऐकवायची, “कढईत तेल तापलंय, बाई झारा घेऊन उभी आहे, आणि मध्येच तिला फ्लॅट दाखवू? लसूण जळेल त्याचं काय?” म्हणून तिच्या पानावर जाहिराती वर एक आणि अगदी खाली एक. उत्पन्न अर्थातच थेंब थेंब. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी हातात काही देत नाही, आणि त्याआधी पत्ता खरा आहे का हे पाहायला साध्या टपालाने एक आकडा पाठवते. ते पाकीट आलं तेव्हा तिने मला घाटकोपरला बोलावून घेतलं. देवापाशी ठेवलं होतं. “आता पहिली रक्कम आली,” ती म्हणाली, “की माझी भवानी झाली. एवढी वर्षं कागदावर जगले, आता मीपण मासळीवर कमावलं असं आईला सांगता येईल.” आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पण ती हे अगदी सरळ बोलली, जशी काही आई मागच्या खोलीत बसली आहे.

तर अशी ती काठावर येऊन थांबली होती. थोडंच राहिलं होतं, पण ते थोडं काही केल्या भरेना. आणि इथे माझ्यातली ती अंबाडेवाली, वाक्य सुधारणारी, जागी झाली. वय एकवीसऐवजी सदुसष्ट, अक्कल तेवढीच. मी विचार केला, मैत्रिणीने दुकान मांडलंय आणि आपण बाहेर उभ्या राहून बघतोय? आपल्यात असं असतं का? आमची भिशी आहे, अकरा जणींची. मी फर्मान काढलं. रोज सकाळी साडेसातला चहाचा कप हातात घेतला की आधी प्रमिलाचं पान उघडायचं आणि वरच्या, खालच्या, दिसेल त्या जाहिरातीवर बोट ठेवायचं. जाहिरातीवर बोट पडलं की तिला पैसे मिळतात, एवढं मला स्वातीच्या बोलण्यातून कळलं होतं. पुढचं मी ऐकून घेतलं नव्हतं. “प्रमिलाला सांगायचं नाही हं,” मी म्हटलं, “गंमत करू.” बायका काय निष्ठेने लागल्या! देवपूजेला खाडा होईल, पण याला नाही. एकीला कल्याणपलीकडच्या फ्लॅटवाल्यांचे चार महिने फोन येत होते. आमच्या घागबाईंनी तर गुडघ्याचं तेल खरंच मागवलं, आणि त्यांचा गुडघा अजून होता तिथेच आहे. मी ग्रुपवर रोज विचारायचे, “झालं का गं सगळ्यांचं?” आणि दहा अंगठे वर यायचे. मला वाटायचं, काय माझं संघटनकौशल्य!

बारा दिवस हे चाललं. तेराव्या दिवशी प्रमिलाचं खातं बंद.

मेल इंग्रजीत होता. तिने मला वाचून दाखवला. शुद्ध इंग्रजी, एक चूक नाही आणि एक माणूस नाही. तुमच्या पानावर अवैध क्लिक आढळले. जाहिरातदारांच्या हितासाठी तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. साठलेली रक्कम त्यांना परत जाईल. धन्यवाद. आणि खाली सही कोणाची, तर ‘टीम’. प्रमिलाने पान वर केलं, खाली केलं. मला कळलं ती काय शोधत होती. डावा कोपरा. तिथे काही नव्हतं. झाडूच्या पत्राखालीसुद्धा दोन अक्षरं असायची, आणि इथे एका बाईला जवळजवळ चोर ठरवलं होतं आणि ते कोणी ठरवलं हे लिहायची कोणाला गरज वाटली नव्हती. “आईने आयुष्यभर वाटे लावून मासळी विकली,” ती एवढंच म्हणाली, “हातात तराजू नव्हता. पण फसवलं असं एका गिऱ्हाइकाने म्हटलं नाही गो तिला.” पैशाचं तिने नावही काढलं नाही. तिच्या पाटीवर डाग पडला होता, आणि आमच्या भवानीने पडला होता.

मला आजही या कंपनीचा राग येतो. अकरा म्हाताऱ्या एकाच वेळी चहा पितात आणि एकाच मैत्रिणीवर माया करतात, हे तुमच्या जगभर पसरलेल्या यंत्राला कळू नये? एवढं माहीत असतं तुम्हाला आमच्याबद्दल, आमच्या गुडघ्यापर्यंत पोचता, मग फोन करून विचारायला काय झालं होतं? आता जाहिरातदाराची बाजूही मला कळते. त्याने पैसे मोजले ते गिऱ्हाईक यावं म्हणून, नलिनी सामंतच्या गमतीसाठी नाही. स्वातीने मला ते नंतर नीट समजावलं. पण खोट्या क्लिकचा डाग प्रमिलाला का? आणि घागबाईंनी तर तेल विकत घेतलं होतं, तो क्लिक कुठून खोटा?

हे सगळं मी त्या दिवशी घाटकोपरच्या तिच्या स्वयंपाकघरात मोठमोठ्याने बोलले, फक्त एक गोष्ट सोडून. मी केलं हे नाही बोलले. सगळ्यांत जास्त आरडाओरडा माझा होता. “अन्याय आहे हा,” मी म्हणत होते, “लढ तू, अपील कर.” तिने अपील केलं. एक फॉर्म भरायचा होता, त्यात ठरावीक जागेतच लिहायचं. ती दोन दिवस शब्द कापत बसली होती, साहेबांचं पत्र एका पानात बसवायचं असे तशी. मी शेजारी बसून चहा पाजला. पाचव्या दिवशी उत्तर आलं. निर्णय कायम. पुन्हा टीम.

नंतर ती जाहिरातींशिवाय लिहीत राहिली. वर काही नाही, खाली काही नाही, नुसती मासळी आणि कोपऱ्यात प्र.वै. लोक म्हणायचे, “छान छंद आहे हो तुमचा.” छंद! माझ्या जिभेवर यायचं, अहो, पुरुषाने हेच केलं असतं तर त्याला तज्ज्ञ म्हणून खुर्चीवर बसवलं असतं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? मी सात वर्षं गप्प बसले. दरवर्षी ठरवायचे, या गणपतीत सांगू, या नारळी पौर्णिमेला सांगू. आणि ती नारळीभात वाढायची आणि मी खाऊन घरी यायचे.

शेवटची भेट जानेवारीतली. ती पलंगावर होती, पोटात अन्न ठरत नव्हतं. मी तिच्यासाठी मऊ भात नेला होता. तिने दोन घास घेतले आणि ताट बाजूला करून म्हणाली, “नले, तुझ्या भिशीतल्या बायका अजून साडेसातलाच चहा घेतात का गो?”

माझ्या हातातला चमचा भातातच राहिला.

“तुला... कधीपासून माहीत?”

“आकडे यायचे ना मला. रोज साडेसातला उसळी, आठला सगळं शांत. अकरा. मासे पण एवढे वेळेवर जाळ्यात येत नाहीत.” ती हसली, मग हसणं दुखलं म्हणून थांबली. “आणि त्यातलं एक बोट दर वेळी दोनदा पडायचं. घाईघाईत. तू टाइप करतानाही अक्षर डबल मारायचीस.”

मी रडायला लागले. ती वैतागली. “भात खारट करू नकोस.”

“अगं, मग अपिलात सांगायचं होतंस! वेड्या बायकांनी केलं, मला ठाऊक नव्हतं, असं लिहिलं असतंस तर...”

“त्यांनी विचारलं होतं,” ती म्हणाली. “एक रकाना होता. हे कोणी केलं असावं, तुम्हाला माहीत आहे का. मी लिहिलं, माहीत नाही.” मग तिने पांघरूण वर ओढलं. “चाळीस वर्षं टाइप केलं, नले. एवढंच एक खोटं टाइप केलं. तू भवानी करायला आली होतीस. भवानी करणाऱ्याचं नाव पोलिसात देतात काय?”

त्यानंतर तीन आठवड्यांनी स्वातीचा तो फोन आला.

आता रागाचं दुसरं कारण सांगते. तेराव्यानंतर एका दुपारी मला तिचा निवट्यांवरचा लेख हवा होता, खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते मासे. तिने त्यांच्यावर फार सुंदर लिहिलंय. फोनवर शब्द टाकले तर सगळ्यांत वर भलतंच पान आलं. उघडलं. शब्द प्रमिलाचे. ओळ न ओळ तिची. वर नाव ‘ॲडमिन’. आणि दर दोन वाक्यांनी एक जाहिरात, हलणारी, उड्या मारणारी, निवट्यांपेक्षा जास्त. ‘तेल तापू द्या’ आणि त्यानंतर वजन उतरवा, मग वशीकरण, मग तोच तो कल्याणपलीकडचा तलाव, आणि हे सगळं ओलांडून खाली गेलं की ‘लसूण ठेचून टाका’. लसूण केव्हाच जळून कोळसा! मी जाहिरातीच्या कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह पाहिलं. कंपनी तीच. प्रमिलाला बेइमान म्हणून बाहेर काढणारी ती, आणि तिचे चोरलेले शब्द जिथे मांडलेत तिथे बिनदिक्कत धंदा करणारीही ती. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. रागाने बोट सरकवत मी खाली गेले, पार तळाला, आणि तिथे डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत... प्र.वै.

चोराने सगळं उचललं आणि ती दोन अक्षरं कशाची हे त्याला कळलंच नाही. तशीच ठेवली. पन्नासच्या वर तरी लेख असतील तिथे, स्वाती आणि मी मोजले नाहीत, नुसते बघत गेलो, आणि प्रत्येकाखाली प्र.वै. चूक झाली तर कोणाला बोलवायचं ते कळावं, म्हणून असायची ती अक्षरं. पहिल्यांदाच ती अक्षरं, चूक दुसऱ्याची आहे हे सांगायला उभी होती.

मी लगेच तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात विचारलं होतं, तुमचं मूळ लेखकाशी नातं काय? यादीतून निवडायचं. स्वतः, वारस, वकील, प्रतिनिधी. मैत्रीण यादीत नव्हतं. पन्नास वर्षं बोंबलावरून भांडलेली, तिचा धंदा बुडवलेली, यातलंही काही यादीत नव्हतं. शेवटी स्वातीने ‘वारस’ निवडून तक्रार पाठवली. पोच आली. टीमकडून. पुढे काय होईल ते होईल, आम्ही दर सोमवारी आठवण पाठवतो. मला त्या टीमची आता नावंच पाठ करायची आहेत, एकेकाची.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. स्वातीने सासूचा कीबोर्ड मला दिला. तिच्या बोटांनी ‘अ’ आणि ‘म’ पुसून गेलेत, आणि कडेला हळदीचा एक पिवळा ठसा आहे, तो मी पुसणार नाही. ‘आईची पाटी’ पुढेही चालू राहावी म्हणून ब्लॉग, मेल, सगळं स्वातीकडेच आहे. खातं बंद झाल्याचा तो जुना मेलही. मी म्हटलं, उघड तो. खाली अपिलाची लिंक होती. सात वर्षांनी ती उघडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण उघडली. तेच रकाने, तीच ठरावीक जागा. स्वाती म्हणाली, “मावशी, काही होणार नाही याचं. आणि आता झालं तरी आई कुठे आहेत?” मी म्हटलं, गप्प बस आणि चहा टाक.

हे कोणी केलं असावं, तुम्हाला माहीत आहे का? मी लिहिलं, हो. पूर्ण नाव लिहिलं, नलिनी सामंत, मुलुंड पूर्व. लिहिलं की आमच्यात मैत्रिणीने दुकान मांडलं तर पहिलं गिऱ्हाईक व्हायला जायची पद्धत आहे, मी जाताना दहा जणींना बरोबर घेऊन गेले, आणि दुकानदार बाईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिने एकही शिळा मासा विकलेला नाही. तुमच्या नियमाप्रमाणे जो काही डाग असेल तो माझ्या नावावर टाका, आणि तिचा काढा. पैसे नकोत. जागा संपली म्हणून ‘कृपया’ कापावं लागलं, आणि ते बरंच झालं.

पाठवण्याआधी मी एक काम केलं. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात गेले. पहिली अक्षरं ज्याचा मजकूर त्याची, नंतरची टाइप करणारीची, हा नियम आम्ही दोघींनी चाळीस वर्षं पाळला. मजकूर कोणाचा याबद्दल मला शंका नव्हती. त्या बाईने सात वर्षांपूर्वी जे लिहायचं टाळलं, तेच मी बडवलं होतं. घाईत शेवटचं अक्षर डबल पडलं. एक पुसलं, आणि पाठवलं.

प्र.वै./न.सा.